पाऊण कामणदुर्ग

सोमवारी ऑफिसात तिघांनी विचारलं, "काय रे, कसा झाला ट्रेक?" तिघांनाही मी "मस्त!" म्हणून वाटेला लावलं. चौथ्याने माथ्यावरचा फोटो मागितला. तेव्हा मात्र चहा घ्यायला उठलो.

माथ्यावरचा फोटो नाही, कारण आम्ही माथ्यावर गेलोच नाही. पहाटे साडेपाचला पापडीहून निघालेली पंधरा माणसं कामणदुर्गाच्या माथ्यापासून पाऊण तास अलीकडून परत फिरली. आणि कोणामुळे? तर अस्मादिकांमुळे.

गेले दोन आठवडे मी या गोष्टीवर विचार करतोय. आधी लाज वाटली, मग थोडा राग आला (स्वतःचा कमी, इतरांचा जास्त, नेहमीप्रमाणे), आणि आता एका मतावर येऊन पोहोचलोय. ते मत सगळ्यांना पटणार नाही. आमच्याच ग्रुपमधल्या निदान चौघांना तर अजिबातच नाही.

पण आधी पापडीत राहणाऱ्या माणसाचा डोंगराशी संबंध काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे सगळं सपाट. तळं, चर्च, बाजार, केळीच्या वाड्या, आणि जुलैत या सगळ्यांवर सारख्याच लेव्हलचं पाणी. आठवडाभरात मी जी सगळ्यात मोठी चढण चढतो ती वसई रोड स्टेशनच्या पुलाची, आणि तीही मागचे ढकलतात म्हणून. पण पूर्वेला मान वळवली की तुंगारेश्वरची रांग दिसते. लोकलच्या दारात लटकून ऑफिसला जाताना, हात खिशात घालायलाही जागा नसते तेव्हा, डोळ्यांना तेवढीच एक मोकळी जागा. सहा वर्षं ती रांग बघतोय. तिच्यातला कामणदुर्ग कोणता हे मला गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

कामणदुर्गाची उंची सुमारे २१०० फूट. हा आकडा ऐकून माझे पुण्याचे मित्र हसतात. त्यांचा सिंहगड ४३०० फूट ना! पण राजेहो, तुमचं पुणंच मुळात १८०० फुटांवर आहे, आणि सिंहगडाचा पायथा त्याच्याही वर. तुम्ही अर्धी उंची बसमध्ये बसून चढता. आमच्या कामणचा पायथा जवळजवळ खाडीच्या पातळीला. इथे २१०० लिहिलंय म्हणजे जवळपास तेवढे सगळे फूट स्वतःच्या पायांनी चढायचे, एकही माफ नाही. वर ही खाडीकाठची हवा. नोव्हेंबरातसुद्धा सकाळी आठला शर्ट पिळून वाळत घालावा अशी.

याआधी मी एकच ट्रेक केला होता, तीन वर्षांपूर्वी, एका प्रसिद्ध गडावर. कोणी नेलं होतं ते लिहीत नाही. ऑनलाइन पैसे भरायचे, टी-शर्ट मिळतो, दोन बस भरून माणसं. जाहिरातीत 'चॅलेंजिंग' हा शब्द तीनदा. आमचा लीडर विशीतला मुलगा, पायात भिंगरी, तो कायम पुढे. मागे कोण आहे हे बघायला मागे कोणीच नव्हतं. परतीला मी आणि दोन अनोळखी माणसं शेवटचा तासभर मोबाईलच्या उजेडात उतरलो. त्यातल्या एकाची बॅटरी संपली, दुसऱ्याचा आवाज रडवेला झाला होता. खाली आलो तर दोन्ही बस इंजिन चालू करून उभ्या. क्लीनर म्हणाला, "अरे, अजून तिघं होते का?"

त्यानंतर तीन वर्षं मी डोंगर लोकलच्या दारातूनच पाहिले.

मग गेल्या नोव्हेंबरात आमच्या सोसायटीतल्या एकाने त्याच्या ग्रुपबद्दल सांगितलं. ग्रुप म्हणजे काय, पापडी आणि आसपासची पंधरावीस टाळकी. नाव नाही, लोगो नाही, टी-शर्ट तर नाहीच. महिन्यातून एक रविवार. कॉन्ट्री तीनशे रुपये, त्यात इको गाड्यांचं भाडं, पाड्यावरच्या गाईडचे पैसे आणि परतल्यावर चहा. हिशेब त्याच रात्री व्हॉट्सॲपवर, चहाच्या कपांसकट.

ग्रुप चालवतात ते एक काका. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. (२०२२ पासून रेल्वेने गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणायला सुरुवात केली. काकांना हे सांगितलं की ते फक्त हसतात.) त्यांनी मला चक्क फोन केला. मला वाटलं पैशांसाठी असेल. तर म्हणाले, "शेवटचं दोन-तीन तास सलग कधी चाललास?"

"रेग्युलर चालतो काका."

"जिने? न थांबता किती मजले?"

"सात-आठ तर सहज."

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. ऑफिसलाही आहे. गेल्या वर्षभरात मी सलग जिने चढलो असेन तर ते लिफ्ट बंद होती त्या दिवशी, चार मजले, आणि चौथ्यावर पोहोचून दहा मिनिटं दाराबाहेर उभा राहिलो होतो, बेल वाजवायचंही त्राण नव्हतं म्हणून. पण "किती जमतं?" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची आपल्याला सवयच नाही. इंटरव्ह्यूत विचारलं की जे एकदा पाहिलंय ते 'वर्किंग नॉलेज' आणि ज्याचं नाव ऐकलंय ते 'एक्स्पोजर'. तीच जीभ काकांसमोर चालली.

रविवारी साडेपाचला पापडीच्या नाक्यावर जमलो. वसई फाटा, मग हायवेवरून चिंचोटी, तिथून कामण–भिवंडी रस्ता. हा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी मुद्दाम बघू नये. ट्रेकचा निम्मा व्यायाम तिथेच होतो. कामणच्या पुढे एका पाड्यावर गाड्या लावल्या. पाड्यावरचा एक भाऊ कोयता घेऊन आमची वाट बघत उभाच होता. तो धरून सोळा जण.

निघण्याआधी काकांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, सगळ्यात पुढे गाईडभाऊ, सगळ्यात मागे ते स्वतः. त्यांच्या मागे कोणी राहायचं नाही आणि भाऊंच्या पुढे कोणी जायचं नाही. दोन, "साडेबाराला जिथे असू तिथून परत. माथा हाताला लागत असला तरी."

मॅरेथॉनवाला (हा आमच्यातला एक. बँकेत असतो, वसई-विरार मॅरेथॉनसाठी रोज पहाटे धावतो, खरोखरच फिट आहे) म्हणाला, "काका, आपण अकरालाच वर असू."

मीही मनात तोच हिशेब केला होता. इंजिनिअर ना! नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम मांडला होता: सपाटीवर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आमची वाट एका बाजूने सहा किलोमीटर धरली तर सव्वा तास, अधिक चढाचा एक तास. म्हणजे सव्वादोन. थांबत-थांबत तीन धरा. पावणेसातला निघालो तर पावणेदहाला माथ्यावर! मग काका साडेबारा का म्हणताहेत? जुना माणूस, जरा घाबरट असणार.

नेस्मिथसाहेबांनी नियम स्कॉटलंडच्या थंडीत केला होता, आणि तो धडधाकट माणसासाठी होता. पावसाळ्यानंतर डोक्याएवढं वाढलेलं गवत, कोयत्याने वाट मोकळी करत चालणं, दर शंभर पावलांवर फुटणाऱ्या ढोरवाटा, आणि सोळा माणसांच्या रांगेत कोणाला तरी सतत बूट बांधायचा असणं, हे त्यांच्या सूत्रात कुठेच बसत नाही. मुख्य म्हणजे मी त्यांच्या सूत्रात बसत नाही.

पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासात मी गप्पा मारायचं थांबलो. तिसऱ्या तासात माझ्या पुढचा माणूस दिसेनासा झाला आणि मागे फक्त काकांच्या काठीचा आवाज उरला, टक, टक, कधीही जवळ न येणारा आणि कधीही लांब न जाणारा. मला वाटलं होतं ते आता "चल चल" करतील. नाही केलं. मध्येच एकदा म्हणाले, "पाणी किती आणलंस?"

"एक लिटर. आणि एनर्जी ड्रिंक आहे."

ते काही बोलले नाहीत. पण पिशवीतून सुकेळी काढून दिली. विरार-आगाशीकडची, राजेळीची. आजीकडे खाल्ली होती तेव्हापासून मी सुकेळी विसरूनच गेलो होतो. एनर्जी बारपेक्षा हे प्रकरण कितीतरी बरं, आणि रॅपरही नाही.

बाराच्या सुमारास एका खिंडीसारख्या जागेत आलो आणि डाव्या पोटरीत गोळा आला. आयुष्यात पहिल्यांदा कळलं की 'गोळा येणे' हा वाक्प्रचार किती शब्दशः खरा आहे. मी वाटेतच बसलो. शाळेत शिकवणाऱ्या एक ताई आमच्याबरोबर होत्या, त्यांनी पाय सरळ करून पंजा मागे दाबला, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पाजलं. पाचेक मिनिटांनी गोळा उतरला. उभा राहिलो, वीस पावलं गेलो, आता उजव्या पायात.

पुढे गेलेली मंडळी थांबून परत खाली आली. समोर माथा स्पष्ट दिसत होता. भाऊ म्हणाले, "चालते तर पाऊण तास. असं बसत-बसत गेले तर सव्वा." काकांनी घड्याळ बघितलं. बारा पंचवीस.

मग मॅरेथॉनवाला म्हणाला ते वाक्य: "याला इथे सावलीत बसवू ना. आम्ही पटकन जाऊन येतो."

त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. मला स्वतःलाही ते पटलं. मी तर घाईघाईने म्हणालोही, "हो हो, जा तुम्ही, माझ्यामुळे नको." कारण तेरा जणांचा रविवार फुकट घालवणारा माणूस व्हायचं कोणाला असतं? आपल्यासारख्यांचा रविवार म्हणजे काय चीज आहे हे मी सांगायला नको. शनिवारी रात्री एखादं डिप्लॉयमेंट, सोमवारी सकाळी स्टॅंडअप, मधल्या त्या एका दिवसात लग्नं, बँक, किराणा, आईवडील. त्यातून महिन्यातला एक रविवार डोंगराला दिलेला, आणि तो कोणा उपटसुंभाच्या पोटरीपायी वाया.

काकांनी भांडण केलं नाही. हिशेब केला. म्हणाले, "तुम्ही आत्ता निघालात, तर माथा सव्वाला. फोटो वगैरे पंधरा मिनिटं. परत इथे यायला अर्धा तास. दोन वाजले. तोवर याचा पाय थंड होऊन आणखी आखडणार. याला घेऊन खाली चार तास. सहा. सूर्य सहाला जातो, गवतात साडेपाचलाच दिसेनासं होतं. आणि मी याला घेऊन आत्ता उतरायला लागलो तर भाऊ तुमच्याबरोबर वर, आणि मला या ढोरवाटा रात्रीच काय, दिवसाही ओळखता येत नाहीत."

मॅरेथॉनवाला म्हणाला, "मग भाऊ त्याला घेऊन उतरू देत. आम्ही जीपीएसवर येतो."

"आणि तुमच्यात कोणाला गोळा आला तर?"

यावर कोणी काही बोललं नाही. मी सुद्धा आयटीतलाच. आमच्याकडे प्रॉडक्शनला काहीही टाकायच्या आधी रोलबॅक प्लॅन लिहावा लागतो, अमुक वाजेपर्यंत नीट चाललं नाही तर मागे घ्यायचं. तो प्लॅन दुपारी शांत डोक्याने लिहितात, कारण रात्री दोनला "अजून दहा मिनिटं बघू, होईल" असं म्हणणारा एक जण असतोच असतो. बऱ्याचदा तो मीच असतो. काकांनी साडेबाराची वेळ पहाटे, पाड्यावर, चहा पिताना ठरवली होती. बारा पंचवीसला, समोर माथा दिसत असताना ठरवायची असती तर ती कधीच ठरली नसती.

साडेबाराला आम्ही वळलो.

आता माझं मत. ग्रुपने डोंगरावर जायचं असेल तर ग्रुपचा वेग म्हणजे शेवटच्या माणसाचा वेग. सरासरी वेग नव्हे, पहिल्याचा तर नव्हेच. आणि त्या वेगाने माथा येत नसेल तर माथा नाही. हे ज्याला जाचक वाटतं त्याने खुशाल दोघा-तिघा तोडीच्या मित्रांबरोबर जावं, मी मनापासून म्हणतोय, त्यात कमीपणा काही नाही. पण ग्रुपचा गाईड, ग्रुपची गाडी, ग्रुपची सोबत घ्यायची, आणि वर पोहोचायच्या वेळी मात्र मी एकटा, असं चालत नाही.

तुम्ही म्हणाल, पाय तुझा अडकला म्हणून तुला हे सुचतंय. बरोबर आहे. पाय अडकला नसता तर मीही त्या दिवशी खिंडीत मॅरेथॉनवाल्याच्या बाजूने उभा असतो आणि काकांना मनातल्या मनात शिव्या देत असतो. म्हणूनच दोन आठवडे वाट पाहिली, पाय दुखायचा थांबल्यावरही हेच वाटतंय का ते बघायला.

आपल्याकडे डोंगरात जे होतं ते बऱ्याचदा कड्यावरून पडून नाही, उशीर होऊन आणि माणूस सुटा पडून होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोराने उतरताना एका ग्रुपला अंधार झाला आणि कड्यातच रात्र काढावी लागली. बचाव पथकं आणि गावकरी धावले, दुसऱ्या दिवशी सगळे सुखरूप सुटले. मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळ नागफणीच्या, म्हणजे ड्यूक्स नोजच्या जंगलात एकटा गेलेला एक तरुण वाट चुकला. फोन लागत होता तोवर त्याने वाट चुकल्याचं कळवलं. चार दिवसांनी सापडला तो मृतदेहच. शोधायला पोलीस आणि एनडीआरएफ होते, तसे लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'चे कार्यकर्तेही होते, आणि हे कार्यकर्ते म्हणजे आपापली कामंधंदे सोडून येणारी माणसं. आपल्या वसईत जुलै २०१८ मध्ये चिंचोटीच्या धबधब्यावर पाणी वाढलं आणि शंभराहून जास्त माणसं अडकली, एकाचा जीव गेला. जंगलातून त्यांना बाहेर काढणाऱ्यांचाही तो शनिवार होताच की.

म्हणजे आपण खिंडीत बसून "पटकन जाऊन येतो" म्हणतो, तेव्हा आपल्या पटकनचा खर्च आपण एकटे करत नसतो. त्या दिवशी आम्ही चुकलो असतो तर रात्री बॅटऱ्या घेऊन कोण आलं असतं? भाऊंच्या पाड्यावरची माणसं. सोमवारी त्यांनाही कामावर जायचंच असतं, आणि त्यांना वर्क फ्रॉम होम नाही.

२०२१ मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांना नोंदणी, सुरक्षेचे नियम वगैरे. चांगलंच आहे. ज्या बसवाल्यांनी मला अंधारात सोडलं त्यांच्यासारख्यांना लगाम हवाच. पण मागे कोण चालणार हे शेवटी त्या दिवशी त्या वाटेवरच ठरतं. ट्रेकला जाण्याआधी आपण विचारतो काय? किती पैसे, जेवण व्हेज की नॉनव्हेज, बसला एसी आहे का. सगळ्यात मागे कोण असणार आणि परत फिरायची वेळ कोणती, हे मी तरी आजवर कधी विचारलं नव्हतं. यापुढे हे दोन प्रश्न आधी, व्हेज-नॉनव्हेज नंतर.

पण एक बाजू मॅरेथॉनवाल्याचीही आहे, आणि ती मी टाळणार नाही. त्याचा रविवार गेला तो माझ्या पोटरीने नाही, माझ्या खोटं बोलण्याने गेला. मी काकांना फोनवर खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला आधी कुठल्या तरी छोट्या डोंगरावर बोलावलं असतं, विरारच्या जीवदानीच्या पायऱ्या चढायला लावल्या असत्या, कामणदुर्गाला नेलंच नसतं. शेवटच्या माणसासाठी सगळ्यांनी थांबायचं असा नियम असेल, तर शेवटच्या माणसानेही आपण शेवटचे आहोत हे घरून निघतानाच सांगायला हवं. मी वर जे ठासून मत मांडलं त्याची ही दुसरी बाजू मला स्वतःलाच लागू पडते, आणि ती जरा टोचते.

उतरताना काका माझ्या मागेच होते. एका सपाटीवर थांबलो. दक्षिणेला खाडीचं वळण चकाकत होतं, अलीकडे मिठागरांचे चौकोन, पश्चिमेला धुरकट हिरवा पट्टा. त्यात कुठेतरी पापडी. मी विचारलं, "काका, तुम्ही पुढे का नाही चालत? लीडर तर पुढे असतो."

ते म्हणाले, "गाडीच्या शेवटच्या डब्याला मागे एल.व्ही.ची पाटी असते. लास्ट व्हेईकल. स्टेशनमास्तर इंजिन बघून गाडी आली म्हणत नाही. ती पाटी दिसली की मग म्हणतो, पूर्ण आली. नाहीतर मागे कुठेतरी एखादा डबा राहिलाय असं धरायचं आणि दुसरी गाडी सोडायची नाही." मग सुकेळीचा शेवटचा तुकडा मला देऊन म्हणाले, "छत्तीस वर्षं मागेच बसलोय. पुढचं मला काही दिसतच नाही."

पाड्यावर पोहोचलो तेव्हा चार वीस झाले होते. भाऊंच्या घरी कोरा चहा झाला. अंगणात बसून सगळ्यांनी बूट काढले. मॅरेथॉनवाला माझ्याशी बोलला नाही. गाडीतही पुढच्या सीटवर बसून कानात हेडफोन घालून बसला. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, म्हणून मला वाईट वाटलं पण राग आला नाही. पापडीला उतरल्यावर मी त्याला "सॉरी यार" म्हटलं. तो म्हणाला, "ठीक आहे. पण पुढच्या वेळी मिठाचं पाणी आण." आणि मग जाता जाता, "आणि जिने चढ."

वर काय आहे ते मला अजून माहीत नाही. कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत असं वाचलंय. ती बघायची आहेत.

कालच ग्रुपवर मेसेज आला. जानेवारीतला तिसरा रविवार, कामणदुर्ग, पुन्हा. परत फिरायची वेळ साडेबाराच. या वेळी काकांनी फोन न करता सगळ्यांना एक फॉर्म पाठवलाय, त्यांच्या नातवाने बनवून दिलेला. चार प्रश्न आहेत. 'न थांबता किती मजले चढता' याच्यापुढे मी 'सहा (काल मोजले)' लिहिलंय. 'मागील सहा महिन्यांतील ट्रेक' याच्यापुढे 'पाऊण'. काकांचा अजून रिप्लाय आलेला नाही. मला न नेता जीवदानीच्या पायऱ्यांवर पाठवलं, तर तिथे जाईन.